मुक्या जीवाचे खाते

कार्तिक सरता सरता महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठांत दुकानांच्या फळ्यांखाली, गोदामांच्या आडोशाला कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. भाद्रपद-आश्विन हा कुत्र्यांच्या माजाचा काळ आणि कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे हिवाळा उजाडतो तोच पिल्लांना घेऊन. या दोन्ही गावांना लागूनच मुंबई-गोवा महामार्ग धावतो. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला वाहनाचा वेग कळत नाही. एखादे पिल्लू पाय मोडून, केकाटत, कोणाच्या तरी पायरीशी येऊन पडते. कधी ते गल्लीतले असते, कधी मुलांच्या हट्टाखातर घरात आलेले. दया त्या क्षणी सर्वांनाच येते. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. उपचाराचा खर्च किती, तो कोणी करायचा आणि कोठवर करायचा?

आपल्या व्यापारी कुटुंबांना हिशेब नवा नाही. दुकानाचे भाडे, मालाचा विमा, मुलांचे शिक्षण, तीर्थयात्रा या सर्वांची तरतूद वेळेआधी केलेली असते. घरातल्या मुक्या जीवाच्या नावाचे पान मात्र चोपडीत सहसा नसते. म्हणून त्याच्याविषयीचा निर्णय दवाखान्याच्या बिलासमोर, गोंधळलेल्या मनाने घ्यावा लागतो. अशा वेळी करुणा आटलेली नसते, तरतूद केलेली नसते एवढेच.

पहिला तास

जखमी पिल्लाला पायांनी किंवा मानेला धरून उचलू नये. फळी, जाड पुठ्ठा किंवा ताणलेली चादर यांवर अलगद सरकवून न्यावे. वेदनेने व्याकूळ झालेले प्रेमळ पिल्लूही चावते; श्वास नीट चालत असेल आणि उलटी होत नसेल, तर तोंडाला कापडाची पट्टी सैलसर बांधावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि अंग उबदार ठेवावे. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर आतल्या रक्तस्रावाची किंवा धक्क्याची शंका घेऊन क्षणही दवडू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ-पिऊ घालू नये.

घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला वा पोटाला गंभीर इजा करू शकतात. पिल्लू चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रेबीजप्रतिबंधक लसीसाठी माणसांच्या दवाखान्यात जावे. इथे भूतदयेच्या भरात हयगय करणे जिवावर बेतू शकते.

खर्चाची कलमे

तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांच्या सेवेसाठी उभे राहिले. प्रथमोपचार, इंजेक्शन, मलमपट्टी यांसाठी तेच जवळचे. आधी तेथेच जावे. हाड मोडले असेल, तर क्ष-किरण तपासणी, भूल आणि हाडात सळी किंवा पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया यांसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागू शकते. मुंबई येथून दीडशे किलोमीटरहून दूर आहे. पुण्याकडे जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या खर्चात प्रवास हे कलम बिलाइतकेच वजनदार ठरते.

म्हणून दूरच्या रुग्णालयात नेण्याआधी दूरध्वनी करून अंदाजपत्रक मागावे. त्यात तपासणी, क्ष-किरण, रक्तचाचणी, भूल, शस्त्रक्रिया, सळी-पट्टीचे साहित्य, निवासी उपचार, औषधे आणि पुढच्या फेऱ्या अशी कलमे वेगवेगळी असावीत. दुसरा उपाय कोणता, हेही विचारावे. वाढत्या वयात हाडे लवकर जुळतात. काही मोडतोडी केवळ प्लॅस्टर आणि विश्रांतीने सुधारतात. हप्त्याने पैसे देता येतील का, हे विचारण्यात कमीपणा नाही. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय हे लोकांच्या दानातून उभे राहिलेले आहे. अशा धर्मादाय संस्थांची चौकशी आधी करावी.

विमा हा करार आहे

गाई-म्हशींचा विमा आपल्या भागाला परिचित आहे. पाळीव कुत्र्यांचा विमाही आता काही सामान्य विमा कंपन्या देतात. त्याची साधारण मुदत एक वर्षाची असते. अपघात, शस्त्रक्रिया, आजार, मृत्यू, चोरी, दुसऱ्याला झालेली इजा यांपैकी कोणती जोखीम घेतली आहे, हे प्रत्येक करारात वेगळे असते. लसीकरण, नेहमीची तपासणी, आनुवंशिक दोष आणि विम्यापूर्वीची दुखापत बहुधा वगळलेली असते. अगदी लहान पिल्लाला आणि उतारवयातील कुत्र्याला वयाची अट आड येते. झालेल्या अपघातासाठी आज विमा उतरवून उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते.

दाव्याचे गणित समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एकूण खर्च ३८,००० रुपये झाला. त्यातील प्रवास व खाद्याचे ४,००० रुपये दाव्यात बसत नाहीत, उरले ३४,०००. शस्त्रक्रियेची कमाल मर्यादा ३०,००० आहे आणि मंजूर रकमेत दहा टक्के वाटा मालकाने उचलायचा आहे. हाती येतील २७,००० रुपये आणि पदरचे जातील ११,०००. शिवाय बहुतेक वेळा आधी आपण पैसे भरायचे आणि मागाहून परतावा घ्यायचा, अशी रीत असते. म्हणजेच विमा असला तरी हाताशी रोकड लागतेच.

२०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ महापुरात बुडाली, तेव्हा विम्याच्या कागदातील एकेका ओळीचे मोल व्यापाऱ्यांना कळले. तीच दक्षता येथेही हवी. लसीकरणाची वही, पिल्लाची चारही बाजूंची छायाचित्रे, कातडीखाली बसवलेल्या चिपचा क्रमांक, मूळ बिले, क्ष-किरण चित्रे आणि नोंदणीकृत पशुवैद्यांचे प्रमाणपत्र एकाच धारिकेत असावे. अपघाताची सूचना कंपनीला मुदतीत द्यावी.

आपली जुनी वाट

गल्लीतल्या पिल्लाला मालक नसतो, म्हणून त्याचा विमाही नसतो. त्याच्यासाठी आपल्या पूर्वजांनी वेगळी वाट घालून दिली आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे मोठा प्रक्षोभ उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभी राहिली. एकाच्या देणगीवर ती संस्था सोडली गेली नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या व्यापारावर स्वतःच लाग बसवून घेतली. अनेकांनी थोडे थोडे नियमित द्यायचे आणि ज्या जीवावर संकट येईल त्याच्या कामी ते आणायचे, ही विम्याचीच कल्पना. नफा मात्र कोणाचाच नाही.

हेच आज लहान प्रमाणावर करता येईल. एका पेठेतील वीस दुकानांनी दरमहा शंभर रुपये काढले, तर वर्षाचे २४,००० होतात. संघाच्या जीवदया खात्यातून गल्लीतील जखमी प्राण्यांसाठी काही रक्कम राखून ठेवण्याचा विचार विश्वस्तांनी करावा. घरी पाळलेल्या प्राण्याचा भार मात्र त्या खात्यावर टाकू नये. तो ज्याचा त्याने उचलावा.

उपचार कोठवर?

सर्वांत कठीण प्रश्न हाच. दुखापत फार मोठी असेल, तर डॉक्टर दयामरण सुचवू शकतात. आपल्या श्रद्धेला तो मार्ग मानवत नाही. मग वेदना कमी ठेवण्याची आणि दीर्घ शुश्रूषेची जबाबदारीही आपण स्वीकारली पाहिजे. नुसते मारू न देणे पुरेसे नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्या जोडीला अन्नपाननिरोधही सांगितला आहे. आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे हा जर दोष, तर त्याला वेदनेत टाकून देणे त्याहून वेगळे कसे मानावे? चार दानांत औषधदान आहे, ते याचसाठी. पाय काढावा लागला तरी खचून जाऊ नये. तीन पायांवर कुत्री उत्तम धावतात, आनंदाने जगतात.

शुश्रूषेतील आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. शाकाहारी आहारही चालतो, मात्र वाढत्या पिल्लाला प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे मिळायला हवे. कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक असतात. आपल्या स्वयंपाकघरात ते नसतातच. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र पिल्लापासून दूर ठेवावीत.

येत्या चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीत एक पान मुक्या जीवासाठी राखावे. त्यावर दरमहा ठरलेली रक्कम जमा करावी. घरात कुत्रा असेल तर विम्याची मुदत नोंदवावी आणि जवळच्या पशुवैद्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. मग जखमी पिल्लू पायरीशी आले, तर घरात एवढाच प्रश्न उरेल: गाडी कोण काढतो?