होडीचा कणा : नवशिक्याने कोणता निवडावा?

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी शिडाच्या होडीवर बोललो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले. माझे शाळेचे शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि मुंबई बंदरातल्या कामगारांच्या संगतीत. तेव्हा पांडित्याचा आव आणत नाही. विषय कसा निघाला तेवढे आधी सांगतो.

माझा पुतण्या अमेरिकेत मेरीलँड राज्यात नोकरीला आहे. चेसापीकचा उपसागर त्याच्या घरापासून जवळ. शिडाची एक वापरलेली होडी घ्यावी, ती ट्रेलरवर चढवून मोटारीमागे जोडून न्यावी, दिवसभर चालवावी आणि संध्याकाळी घरी आणून अंगणात ठेवावी, असे त्याच्या मनाने घेतले. पदरी दोन मुले, एक नऊ वर्षांचे, दुसरे बारा. फोनवर तो म्हणाला, "काका, तुम्ही तीस वर्षे बंदरात काढलीत. कील कोणती घेऊ तेवढे सांगा." मी बंदरातल्या माणसांचा कार्यकर्ता, नावाडी नव्हे. पण मुले त्या होडीत बसणार होती. म्हणून पुस्तके चाळली, आराखडे पाहिले, मचव्यांवर आयुष्य काढलेल्या दोन म्हाताऱ्या खलाशांना गाठले, आणि मगच त्याला उत्तर दिले. तेच येथे मांडतो.

प्रथम कील म्हणजे काय ते पाहू. कोकणातले सुतार गलबताच्या तळाशी जी लांब तुळई घालतात, तिला ते पठाण म्हणतात. सारा सांगाडा तिच्यावर उभा राहतो. आजच्या लहान शिडाच्या होडीत कील या शब्दाने जे समजतात, ते तळाखाली पाण्यात उतरलेले पाते असते. त्याला कामे दोन.

पहिले काम घसरण थांबवण्याचे. वारा बाजूने आला की तो होडीला पुढे ढकलतो त्याहून जास्त आडवा ढकलतो. पाण्यातले पाते त्या आडव्या ढकलण्याला विरोध करते, आणि मग होडीला पुढे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फणसाची बुळबुळीत आठळी दोन बोटांत दाबली की ती पुढे सटकते, तसेच हे आहे. एक बोट वाऱ्याचे, दुसरे पाण्याचे. पात्याशिवाय होडी वाऱ्याच्या दिशेने वाहत जाईल. वाऱ्याच्या रोखाने वाकडीतिकडी वाट काढत परत येणे तिला जमणार नाही.

दुसरे काम होडी सावरण्याचे. तळाशी जड माती भरलेली बाहुली आपण लहानपणी पाहिली आहे. कितीही पाडा, ती पुन्हा उभी राहते. होडीच्या तळाशी ठेवलेल्या अशा वजनाला आपल्याकडे नीरम म्हणतात. ते जितके खाली, तितका त्याचा जोर अधिक. आपल्या किनाऱ्यावर लहान होडीला बाजूने उलांडी बांधतात, तीही कलंडू नये म्हणूनच. उपाय निराळा, गरज एकच.

आता अडचण पाहा. पाण्यात पाते जितके खोल तितके चांगले. रस्त्यावर तितकेच वाईट. ट्रेलरवरची होडी पाण्यात सोडण्यासाठी सिमेंटचा उतार असतो. पाते खोल असेल तर होडी ट्रेलरवर उंच बसते आणि ती तरंगायला ट्रेलर फार आत न्यावा लागतो. प्रसंगी मोटारीची मागची चाकेही पाण्यात जातात. म्हणजे कील निवडणे ही पाणी आणि रस्ता यांच्यातली तडजोड आहे. तडजोड करताना आपण काय देतो आणि काय घेतो हे माहीत असावे, एवढे तरी युनियनच्या कामाने मला शिकवले आहे.

तडजोडीचे प्रकार मुख्यतः चार.

पहिला प्रकार वर घेता येणाऱ्या फळीचा. होडीच्या तळात एक फट ठेवून तीतून लाकडाची किंवा धातूची फळी खाली सोडतात. ही युक्ती जुनी आहे. जॉन शँक नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १७७४ मध्ये बोस्टन येथे सरकत्या कीलची होडी बांधली, आणि १८११ मध्ये न्यू जर्सीतल्या स्वेन बंधूंनी अमेरिकेत अशा फळीचे पेटंट घेतले. चेसापीकमध्ये कालवे काढणाऱ्या कष्टकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्किपजॅक नावाची जी होडी रूढ केली, तिलाही अशीच फळी आहे, कारण कालवे उथळ पाण्यात असतात. १९८५ मध्ये मेरीलँडने स्किपजॅकला राज्याची होडी म्हणून मान दिला. १९६३ मध्ये इंग्लंडात एका वृत्तपत्राच्या पाठबळाने मिरर नावाची होडी निघाली. प्लायवूडचे सुटे भाग घरी आणून जोडावयाचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. शिडे लाल. श्रीमंतांचा मानला गेलेला खेळ सामान्य घरांच्या अंगणात आला तो अशा होड्यांमुळे, आणि अशा होडीला कील म्हणून असते ती हातभर फळीच.

या फळीत पुन्हा दोन भेद आहेत. एक सरळ वरखाली सरकते. ती स्वस्त आणि साधी, पण खडकावर आदळली तर फळी तरी मोडते किंवा तिची पेटी तरी. दुसरी बिजागरीसारखी खिळ्यावर फिरते. तळ लागला की आपोआप वर उचलली जाते. दोहोंचा गुण असा की होडी वीतभर पाण्यातही तरंगते आणि हलकी असल्याने लहान मोटार तिला सहज ओढते. अवगुण असा की फळीला वजन नसते. होडी सावरते ती तिच्या रुंदीने आणि माणसांनी बाजूला झुकून. चूक झाली की ती उलटते.

दुसरा प्रकार झुलत्या जड कीलचा. येथे पाते लोखंडाचे असते, खिळ्यावर फिरते आणि गरगर फिरवायच्या चक्रीने, तारेच्या दोराने वर ओढले जाते. कॅटालिना २२ ही १९६९ पासूनची फार खपलेली होडी घ्या. तिची झुलती कील वर असता तिला सुमारे ६० सेंटिमीटर पाणी लागते, खाली सोडली की सुमारे दीड मीटर. त्याच होडीची स्थिर कील सव्वा मीटरहून कमी, म्हणजे १०७ सेंटिमीटर उतरते. एकाच होडीत उथळपणा आणि खोली दोन्ही मिळाल्यासारखे होते. पण ज्या खिळ्यावर सारा भार आहे तो झिजतो, तार गंजते, आणि कील खाली सोडून पक्की अडकवली नसेल तर होडी फार कलंडल्यावर ती आत मिटू शकते. नेमकी गरज असते तेव्हाच वजन जागेवरून हलते. जुनी होडी घेताना म्हणूनच आधी खिळा आणि तार पाहावी, रंग मागाहून.

तिसरा प्रकार पाण्याच्या नीरमाचा. होडीच्या तळाशी टाकी असते. होडी पाण्यात उतरल्यावर टाकी भरावयाची, परत ट्रेलरवर चढवताना रिकामी करावयाची. रस्त्यावर ते वजन ओढावे लागत नाही, ही कल्पना फार सुंदर आहे. मात्र टाकी भरलीच पाहिजे. २००२ च्या ४ जुलै रोजी अमेरिकेतल्या चॅम्पलेन सरोवरात अशी एक होडी उलटली. होडीत माणसे फार होती आणि टाकी रिकामी होती. दोन मुले दगावली.

चौथा प्रकार उथळ स्थिर कीलचा. पाते आखूड पण लांबट, आणि वजन त्यातच कायमचे भरलेले. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी ऑप्टिमिस्ट ही जगभर गेलेली होडी आखली; त्यांनीच आखलेल्या कॉम-पॅक १६ या होडीची कील अवघी ४६ सेंटिमीटर उतरते आणि तिच्यात सुमारे २०० किलो नीरम आहे. अशी होडी वाऱ्याच्या रोखाने जाताना थोडी घसरते, वेगात मागे पडते. पण तिच्यात सोडायचे, ओढायचे, भरायचे असे काही नाही.

यांखेरीज पंखांची कील आहे. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलिया टू या नौकेने पंखांच्या कीलवर अमेरिका चषक जिंकला आणि अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून तिचे नाव झाले. पण चिखलात रुतली की होडी कलती करून ती सोडवता येत नाही; कलल्याने पंख आणखी खोल जातो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोन जोड-कीलच्या होड्या लोकप्रिय आहेत, कारण ओहोटीला त्या चिखलात दोन पायांवर सरळ उभ्या राहतात. आपल्या खाड्यांतही ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ही सोय आपणास सहज पटेल.

आता निवड. येथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. एका कारखान्यात प्रेसच्या तोंडाशी लावायची जाळी होती, पण ती प्रत्येक वेळी हाताने बसवावी लागे. भिंतीवर सूचना टांगलेली होती. घाईच्या एका पाळीत एका कामगाराने जाळी लावली नाही आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत शेरा पडला, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आम्ही मागणी केली ती एकच : जाळी बसल्याशिवाय प्रेस चालूच होता कामा नये. माणूस दमतो, घाई करतो, विसरतो. ज्या सुरक्षिततेला दररोज आठवण लागते, ती एक दिवस दगा देते.

होडीलाही हाच नियम लावून पाहा. झुलती कील अडकवायची आठवण लागते. पाण्याची टाकी भरायची आठवण लागते. अनुभवी माणसाच्या हाताला ही वळणे पडलेली असतात. नवशिक्याचे सारे लक्ष शीड, दोर, सुकाणू आणि मुले यांच्यात वाटलेले असते.

म्हणून मी पुतण्याला तीन प्रश्न विचारले. पाणी कसे? चेसापीकची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आतबाहेर, कडेला पुष्कळ उथळ. पण अर्धा मीटर पाणी बहुतेक ठिकाणी मिळते. मोटार किती ओढते? येथे नुसत्या होडीचे वजन धरू नये. ट्रेलर, इंजिन, इंधन, नांगर, सामान सारे मिळवावे. आणि चूक झाली तर काय? एप्रिलात तिकडे हवा उबदार होते, पाणी मात्र थंडच असते. होडी उलटली तर दोन मुलांना घेऊन थंड पाण्यात ती सरळ करणे एकट्या बापाला झेपेल काय?

या तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला. मी म्हणालो, उथळ स्थिर कीलची होडी घे. हळू गेलास तरी चालेल. गावाजवळ लहानसे उबदार तळे असते आणि बरोबर दुसरा धडधाकट माणूस असता, तर मी हलक्या फळीची होडीच सुचवली असती. उलटून पुन्हा सरळ करण्यात माणूस लवकर शिकतो. आणि दोन वर्षे हात बसल्यावर झुलती कील घ्यायलाही हरकत नाही.

त्याने एक झुलत्या कीलची होडी जवळजवळ ठरवली होती. रंग नवा होता. मी खिळा पाहायला सांगितला. खिळ्याचे भोक झिजून लांबट झालेले निघाले. विकणाऱ्याला तो नमस्कार करून परत आला. पुढे महिन्याभराने त्याने सोळा फुटी, स्थिर कीलची एक होडी घेतली. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "काका, सगळ्या होड्या आमच्या पुढे निघून जातात." मी विचारले, मुले काय म्हणतात? तो म्हणाला, "धाकटी सुकाणू सोडायलाच तयार नाही."