काँटेसाला नवं काळीज

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मोटारगाड्यांवर बोलायला गेलं की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला तरुण असतो. वडिलांची किंवा काकांची जुनी काँटेसा वाड्यात, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर उभी असते. इंजिन जाम झालेलं असतं, पत्रा मात्र शाबूत असतो. प्रश्न असा : ‘सर, यात स्कॉर्पिओचं इंजिन बसतंय का?’

एका शब्दात उत्तर द्यायचं तर ‘बसतं’. आपल्याकडच्या कसबी मिस्त्र्याला ते अशक्य नाही. पण इंजिन बसलं म्हणजे गाडी तयार झाली असं होत नाही. मधल्या अंतरात पैसा आहे, कायदा आहे आणि प्रसंगी माणसाचा जीवही आहे. आज त्या मधल्या अंतराविषयी बोलू.

आधी ही गाडी समजून घेऊ. ‘मसल कार’ हा शब्द अमेरिकेतला. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन घातलं आणि जीटीओ नावाने ती विकली. तेव्हापासून अशा दांडग्या गाड्यांची तिकडे लाट आली. आपल्या रस्त्यांवर त्या धाटणीची दिसणारी गाडी एकच, हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. लांबलचक बॉनेट, रुंद बैठक, ताकद मागच्या चाकांना. मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७०च्या दशकातल्या गाडीचा. १९८४च्या सुमारास सुरू झालेलं तिचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं.

या गाडीचं अंग पहिलवानाचं होतं, पण सुरुवातीला छातीत काळीज होतं ते अँबॅसिडरचं. १४८९ सीसीचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. पुढे जपानच्या इसुझू कंपनीच्या तंत्रज्ञानाचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, तेव्हा तिला खरा दम आला. नंतर कंपनीनेच तिला इसुझूचं दोन लिटरचं डिझेल इंजिनही दिलं. तेव्हा काँटेसात डिझेल ही काही गॅरेजवाल्यांनी काढलेली टूम नाही. कारखान्याने ते आधीच केलं होतं. फक्त त्या साध्या डिझेलची ताकद पुन्हा पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीवरच आली. तेलाचा खर्च वाचला, पण पहिलवान पुन्हा धापा टाकू लागला.

मराठवाड्याला डिझेल इंजिनाचं वेड का, हे वेगळं सांगायला नको. विहिरीवरचं ऑइल इंजिन आणि गावातली पिठाची गिरणी यांवर आपले मिस्त्री तयार झाले. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं हा तर एके काळी धंदाच होता. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि डिझेल जीप गावोगावी पोचली. ज्यांच्याकडे पेट्रोलची जीप किंवा अँबॅसिडर होती, त्यांनी मॅटॅडोरचं नाहीतर जीपचं इंजिन आणून बसवलं. त्यामागचा हिशेब सरळ होता. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळायचं.

आता नव्या डिझेल इंजिनाकडे वळू. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. जुन्या आणि नव्या इंजिनांत हे तत्त्व एकच आहे. फरक आहे तो फवाऱ्यात. नव्या ‘कॉमन रेल’ इंजिनात डिझेल एका सामाईक नळीत हवेच्या दाबाच्या दीड हजार पटीहून अधिक दाबाने भरून ठेवलेलं असतं. कोणत्या क्षणी किती थेंब सोडायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. एकाच स्फोटासाठी तो फवारा दोन-तीन हप्त्यांत मारतो. म्हणून खडखडाट कमी होतो, धूर कमी होतो आणि ताकद वाढते. जोडीला टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर तो जास्तीची हवा आत कोंबतो.

परिणाम आकड्यांत पाहा. २००९ मध्ये स्कॉर्पिओत आलेलं एमहॉक इंजिन २१७९ सीसीचं. काँटेसाच्या दोन लिटरच्या डिझेलपेक्षा आकाराने थोडंच मोठं. पण ताकद १२० अश्वशक्ती आणि टॉर्क २९० न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. घोडा धावतो जोरात, पण भरलेली मोट ओढायला बैलच लागतो. तो बैलाचा जोर म्हणजे टॉर्क. गोदाकाठच्या नांदेडाहून लोहा, अहमदपूर करत बालाघाटाच्या पठारावरच्या लातूरला चढून जाताना गिअर न बदलता गाडी ओढली जाते, ती या जोरावर. त्या तरुणाला भुरळ पडते ती याचीच, आणि ती पडण्यासारखी आहे हे मी मान्य करतो.

अडचण सुरू होते ती बॉनेट उघडल्यावर. जुनं डिझेल इंजिन स्वयंपूर्ण होतं. एकदा सुरू झालं की पंप चालला पाहिजे आणि बंद करायला एक तार असली पाहिजे, एवढ्यावर भागायचं. नव्या इंजिनाचं निम्मं शहाणपण वायरिंगमध्ये असतं. सेन्सर, संगणक, किल्लीतली चिप, विजेवर चालणारा अॅक्सिलरेटर, हे सगळं त्याच गाडीतून आणि जसंच्या तसं उचलावं लागतं. एक वायर तुटली तर इंजिन अर्ध्या ताकदीवर येतं किंवा चालूच होत नाही. जीपचं इंजिन डोळे मिटून उतरवणारा मिस्त्रीही इथे अडतो, आणि त्यात त्याच्या कसबाचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या ठेवणीची. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं प्रसिद्ध डिझेल इंजिन गाडीत आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. काँटेसात इंजिन उभं, लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. म्हणून स्विफ्टचं इंजिन इथे सरळ बसत नाही. स्कॉर्पिओ, इनोव्हा, तवेरा यांची इंजिनं उभी असतात, म्हणून लोक त्यांच्या मागे लागतात. पण तिथेही इंजिनाची फाउंडेशन नव्याने वेल्ड करावी लागते, गिअरबॉक्ससाठी बोगदा कापावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. मागचं डिफरन्शिअल मुळात याच्या निम्म्याहून कमी टॉर्कसाठी बनवलेलं असतं. सगळा पीळ शेवटी त्याच्या दात्यांवर येतो. शिवाय जड इंजिनामुळे पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. नांदेडचा उन्हाळा सोसेल असा रेडिएटर हवा. जुनी टाकी धुऊन घ्यावी लागते, कारण पेट्रोलचा अंश डिझेलचा वंगणपणा घालवतो आणि महागडा पंप खराब होतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. गाडीचा ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो निर्वात पोकळीवर. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ही पोकळी आपोआप तयार होते. तिथून एक रबरी नळी बूस्टरला जाते. डिझेल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत, त्यामुळे तशी पोकळी तिथे मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. डिझेल गाडीत तो इंजिनावर असतो, पण इंजिन बदलताना त्याची नळी बूस्टरपर्यंत नीट पोचवावी लागते. इंजिन बदललेल्या एका गाडीत ही नळी जुन्याच जागी, मॅनिफोल्डला जोडलेली मी पाहिली आहे. गाडी जागेवर झकास सुरू होत होती. मालकाची तक्रार एवढीच होती की ब्रेक ‘थोडा कडक’ लागतोय. दुपटीहून अधिक ताकदीची गाडी आणि पायाखाली दगडासारखा ब्रेक. ती गाडी घेऊन ते कुटुंबासह लग्नाला निघाले होते. त्या दिवशी गाडी गॅरेजमधून बाहेर पडू दिली नाही, हे बरं झालं.

इंजिनाचं रूपांतर घाईने केलं की काय होतं, याचा धडा बलाढ्य कंपन्यांनीही घेतला आहे. अमेरिकेत ओल्ड्‌समोबिल या नामांकित कंपनीने १९७८ मध्ये ५.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. रचना बरीचशी तिच्या पेट्रोल इंजिनावर बेतलेली होती. डिझेलमध्ये दाब कितीतरी जास्त, पण हेडच्या बोल्टांची मांडणी पेट्रोलचीच ठेवली. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही दिला नाही. हेड गॅस्केटं उडाली, पंप गंजले, ग्राहक कोर्टात गेले. १९८५ मध्ये ते इंजिन बंद झालं, पण तोवर अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल मोटार उतरली होती. कारखाना, प्रयोगशाळा आणि इंजिनिअरांची फौज असून हे झालं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करू नये. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी ठरलेल्या अटींनुसार किट बसवायला मुभा आहे. दुसऱ्या कंपनीचं अख्खं इंजिन म्हणजे किट नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. विम्याच्या कागदावर इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधन लिहिलेलं असतं. अपघात झाला आणि बॉनेटखाली वेगळंच इंजिन निघालं, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मग समोरच्याच्या उपचाराचा किंवा भरपाईचा बोजा घरावर, शेतावर येऊ शकतो. शिवाय कोणतीही काँटेसा आज वीस वर्षांहून जुनी आहे. एमएच २४ असो की एमएच २६, फेरनोंदणीला नेली की इंजिन आणि चासी क्रमांक तपासले जातात.

शेवटी पैशाचा हिशेब. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. दोहोंतली जुनी दरी बरीच बुजली. समजा, तुमची हौसेची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. पेट्रोलवर ती लिटरला ८ किलोमीटर देते आणि डिझेलवर १३ देईल. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर वर्षाला साधारण अठरा हजार रुपये वाचतील. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि मजुरी मिळून अडीच लाख खर्च धरला, तर तो भरून यायला जवळपास चौदा वर्षं लागतील. ज्या हिशेबावर आपल्या वडीलधाऱ्यांनी जीपची इंजिनं बदलली, तो हिशेब आता उरलेला नाही.

मग त्या तरुणाने काय करावं? गाडी भंगारात घालू नये, हे माझं पहिलं सांगणं. नोंदणी पुस्तक काढून त्यावर कोणतं इंजिन लिहिलंय ते पाहावं आणि तेच पुन्हा बांधून घ्यावं. इसुझूचं पेट्रोल असो की डिझेल, चांगला मिस्त्री ते बोअर करून, नवीन पिस्टन-रिंग टाकून उभं करू शकतो. तेलाचाच खर्च खुपत असेल तर मान्यताप्राप्त किटची चौकशी करावी. आणि एवढं ऐकूनही नवं इंजिनच हवं असेल, तर आधी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करावा. नकार आला तर तो नकार समजावा, पान्याला हात लावू नये.

तोवर एक काम कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. इंजिन जुनं असो की नवं, आखाड्यावर उभ्या असलेल्या त्या गाडीचे ब्रेक आधी खोला. चाकातले सिलिंडर, होज, बूस्टर, पाइप सगळं तपासा, गंजलेलं बदला. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकची रबरं सगळ्यात आधी मरतात. गाडी पळवायचा विचार ती नीट थांबते आहे याची खात्री झाल्यावर करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)