घरच्या संगणकावरील व्हिडिओ-भेट : बिघाड व उपाय

सतराव्या शतकात आमच्या सुरतेचे विख्यात व्यापारी विरजी व्होरा यांचा व्यवहार आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा येथपर्यंत पसरलेला होता. परंतु तेथील खबर कासिदाच्या पावलांनीच येत असे. आज आमच्या समाजातील अनेक घरांतील मुले-मुली अँटवर्प, दुबई वा अमेरिकेत आहेत, आणि त्यांचे मुख पाहण्यास एक कळ दाबणे पुरते. तथापि ऐन बोलण्यात चित्र थिजते, आवाज तुटतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून उठून जातात. वस्तुतः बिघाड बहुधा क्षुल्लक असतो. तो कसा शोधावा, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धान्याच्या धंद्यात पोती कमी भरली तर आम्ही एकदम माल पाठविणाऱ्यावर आळ घेत नाही. प्रथम आपला काटा पाहतो, मग बारदान, मग वाहतूक. येथेही आपल्या घरापासून बाहेर जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्रथम, जो प्रोग्राम आपण उघडतो तो चालू आहे काय, हे पाहावे. २००३ साली सुरू झालेले स्काइप पुष्कळ घरांत वापरले जात असे. परंतु मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते ५ मे २०२५ रोजी बंद केले. जुन्या संगणकावर त्याचे चिन्ह अद्याप दिसत असेल, तरी त्यावर भेट होणार नाही. झूम, गूगल मीट इत्यादी प्रोग्राम चालू असले तरी त्यांची नवी आवृत्ती घ्यावी लागते. संगणकाचे घड्याळही तपासावे. जुन्या संगणकातील लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते. मग सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र चुकीच्या तारखेमुळे अग्राह्य ठरते व प्रोग्राम जोडलाच जात नाही.

दुसरे, चित्र. पडदा काळा दिसल्यास कॅमेऱ्यावरील सरकते झाकण पाहावे. नंतर दुसरा एखादा प्रोग्राम कॅमेरा अडवून बसला आहे काय ते पाहून तो बंद करावा. तरीही चित्र न आले, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ या सदरात कॅमेरा व मायक्रोफोन यांस परवानगी दिलेली आहे काय, हे पाहावे. ब्राउझरमधून बोलत असल्यास अशी परवानगी तेथेही स्वतंत्रपणे द्यावी लागते.

तिसरे, आवाज. आपला आवाज पलीकडे जात नसेल, तर प्रोग्रामने भलताच मायक्रोफोन निवडलेला असण्याचा संभव असतो. तो सेटिंग्जमधून बदलावा. प्रतिध्वनीविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपलाच आवाज आपणांस पुन्हा ऐकू आला, तर दोष बहुधा समोरच्या घरी असतो. त्यांच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज त्यांच्याच मायक्रोफोनात शिरून परत येतो. त्यांनी इअरफोन लावला की तो थांबतो. त्यांनी तक्रार केली, तर इअरफोन आपण लावावा. एकाच खोलीत दोन यंत्रे त्याच भेटीत जोडू नयेत. नाहीतर कर्कश शिटी वाजते.

चौथे, जोडणी. चित्र व आवाज यांचे बारीक तुकडे करून ते एकामागून एक रवाना केले जातात. ई-मेलमध्ये एखादा तुकडा मागे राहिला तर त्याची वाट पाहता येते. संभाषणात मात्र उशिरा आलेला तुकडा, लग्न उरकल्यावर पोहोचलेल्या तांदळाच्या पोत्याप्रमाणे, निरुपयोगी ठरतो व टाकून दिला जातो. यास्तव केवळ वेग मोठा असून भागत नाही; तुकडे वेळच्या वेळी पोहोचावे लागतात. राउटर व संगणक यांमध्ये जाड भिंती असल्यास संगणक राउटरजवळ आणावा, किंवा तार जोडावी. त्या वेळी घरात कोणी चित्रपट पाहत असल्यास तो थांबवावा. परीक्षा म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बोलून पाहावे. तेथे भेट सुरळीत झाली, तर दोष घरच्या जोडणीत आहे असे समजावे. आणि काहीच जमले नाही, तर आपले चित्र बंद करून बोलावे. आवाजास सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरतात. स्वच्छ चित्रास त्याच्या दहापटींहून अधिक लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र अडले की मनुष्य घाबरून इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधतो. असे कित्येक क्रमांक ठगांचे असतात. ते गोड बोलून संगणकाचा ताबा मागतात. तो दिला की बँकेचे खातेही त्यांच्या नजरेखाली येते. वखारीची किल्ली अनोळखी माणसास कोणी देतो काय? शिवाय पोलिसाचा वेष घालून व्हिडिओवर धमकावण्याचे प्रकारही घडले आहेत. मे २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने अशा कामी वापरलेली १,००० हून अधिक स्काइप खाती बंद केल्याचे जाहीर झाले. ‘डिजिटल अटक’ अशी तरतूद आपल्या कायद्यात मुळीच नाही. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याची आशा त्यामुळे राहते.

आमची सभासद बंधुभगिनींस विनंती अशी की, वरील चार पायऱ्या एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी लावाव्यात, आणि घरातील तरुणांनी त्या वडीलधाऱ्यांच्या हातून एकदा करवून घ्याव्यात. संवत्सरीच्या दिवशी दूरदेशीच्या आप्तांची क्षमा मागावयाची असते. त्यासाठी यंत्राची परीक्षा आदल्या दिवशीच उरकावी, आणि अँटवर्पचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे ध्यानी ठेवावे.