खंडणी, प्रायश्चित्त आणि समेट : क्रुसाचा अर्थ

क्रूस हे चिन्ह आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. परंतु एका निरपराध माणसाला रोमन राज्यकर्त्यांनी ज्या लाकडावर खिळून मारले, ते लाकूड उद्धाराचे चिन्ह का व्हावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. विचारलाच तर ठराविक उत्तर मिळते, 'तो जगाच्या पापांसाठी मेला.' या 'साठी'चा नेमका अर्थ काय, याविषयी खुद्द ख्रिस्ती विचारवंतांत शतकानुशतके वाद चालत आला आहे, आणि आपल्या मराठी माणसांनीही त्यात जीव ओतून भाग घेतला आहे. तो वाद समजावून देणे एवढाच आमचा हेतू. कोणाला एखाद्या मताकडे वळवावे किंवा त्यापासून परतवावे, हे आमचे काम नव्हे.

आरंभ पापापासून केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू'च्या परंपरेत जीवाला बांधणारी गोष्ट म्हणजे अज्ञान. ज्ञान झाले की बंध तुटला. ख्रिस्ती विचाराचे निदान निराळे आहे. बरे काय हे माणसाला कळते, पण त्याच्या हातून ते घडत नाही. म्हणजे रोग बुद्धीत नसून इच्छेत आहे, असे तो विचार म्हणतो. मग हा रोग आला कोठून? बायबलातील कथेप्रमाणे आदम आणि हव्वा या पहिल्या जोडप्याने देवाची आज्ञा मोडली, तेथून.

येथेच पहिला वाद पेटला. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या साधकाने म्हटले की, आदमाचे पाप आदमाचे. आपण बिघडतो ते त्याचे अनुकरण करून. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन (354–430) यांना हे मान्य नव्हते. सारी मानवजात आदमाच्या ठायी होती, म्हणून पापाचा दोष प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते, असे त्यांनी प्रतिपादिले. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. परंतु ऑगस्टिनच्या मताचा एक आधार पौलाच्या पत्रातील एका वाक्याच्या लॅटिन भाषांतरात होता. तेथे 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघत होता. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा होतो, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. पूर्वेकडील ग्रीक चर्चने तर वारशाने मृत्यू आणि दुर्बलता येते, अपराध येत नाही, अशीच भूमिका ठेवली. एका अव्ययावर केवढी इमारत उभी राहिली!

आणि ही इमारत पंडितांपुरती नव्हती. बाप्तिस्म्यावाचून दगावलेल्या तान्ह्या मुलाचे काय, हा प्रश्न शेकडो वर्षे आयांचे काळीज जाळीत राहिला. अशा मुलांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास आधार आहे, असे रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने स्पष्टपणे मांडले ते 2007 साली.

आता क्रुसाकडे वळू. मराठी नव्या करारात क्रुसाच्या कार्यासाठी तीन शब्द महत्त्वाचे आहेत : खंडणी, प्रायश्चित्त आणि समेट. हे तीन शब्द नीट पाहिले की तीन निरनिराळी मते आपोआप उलगडतात.

खंडणी म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. आपल्या सीमेलगतच्या खर्ड्याला 1795 साली निजामाचा पराभव झाला आणि त्याला मोठी रक्कम कबूल करावी लागली. खंडणी जबरदस्ताला द्यावयाची असते. आरंभीच्या अनेक ख्रिस्ती आचार्यांना वाटे की, माणूस सैतानाच्या कैदेत होता आणि ख्रिस्ताने आपला जीव देऊन त्याला सोडविले. पण मग प्रश्न आला, ही खंडणी पोचली कोणाला? सैतानाला म्हणावे, तर देवाने दरोडेखोराचा हक्क मान्य केला असे होते. नाझियांझसचे ग्रेगरी यांनी चौथ्या शतकातच हा आक्षेप घेतला. स्वीडनमधील गुस्ताफ औलेन यांनी 1930 साली या जुन्या मताचे पुनरुज्जीवन केले, ते देवघेवीचा भाग बाजूला ठेवून. क्रूस हा पाप आणि मृत्यू यांवरील विजय होय, असे त्यांचे म्हणणे.

दुसरा शब्द प्रायश्चित्त. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी 1098 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात युक्तिवाद केला की, पाप म्हणजे देवाच्या मानाचे बुडविलेले देणे आहे. देणे माणसाचे, म्हणून ते माणसानेच फेडले पाहिजे. पण ते एवढे मोठे की देवावाचून कोणी फेडू शकत नाही. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे, त्यानेच ते फेडले. पुढे सोळाव्या शतकात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिन यांच्या हाती हे चित्र सावकाराच्या वहीतून न्यायालयात गेले. आता देणे फेडण्याऐवजी अपराध्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली, असे झाले. त्यावर सोसिनस यांनी 1594 साली छापलेल्या ग्रंथात नेमके बोट ठेवले : कर्ज दुसरा फेडू शकतो, पण शिक्षा दुसऱ्याला देणे हा न्याय नव्हे, आणि देणे पुरते वसूल झाले, तर त्याला क्षमा कशी म्हणावी?

मराठी श्रोत्याला हा आक्षेप परका वाटत नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते, आणि कर्म ज्याचे त्याने भोगावयाचे असते. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे (1825–1895) यांनी तरुणपणी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताचे खंडन केले, ते याच भूमीवर उभे राहून. जन्मतःच दुःख भोगणाऱ्या जीवाच्या दुःखाचा उलगडा पूर्वकर्मावाचून कसा होणार, असा त्यांचा रोख होता. तेच शास्त्रीबोवा 1848 साली ख्रिस्ती झाले.

तिसरा शब्द समेट. गावात तंटा मिटतो तेव्हा दोन मने जुळतात, तोच अर्थ. फ्रान्समधील आबेलार (1079–1142) यांनी म्हटले की, देवाचे मन वळवावे लागत नाही. वळवावयाचे असते ते माणसाचे. क्रुसावर दिसलेले प्रेम ते वळविते. या मतावरही आक्षेप आहेच : अन्यायाने ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई केवळ हृदय द्रवल्याने होते काय?

हा वाद एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात कसा उतरला ते पाहा. आईबापांना दुष्काळात गमावलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात गोऱ्हे यांच्या लेखनाचाही वाटा होता. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनी जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी परखड पत्रव्यवहार केला. ती पत्रे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली आहेत. क्रुसावर कोण होता, यावरच क्रुसाचा अर्थ अवलंबून असल्याने हा वाद मुळावरच होता. अँसेल्मचा सारा हिशेब देव-मानवावर उभा आहे; तो पाया काढला की हिशेब कोसळतो, मात्र आबेलारचे उदाहरण उरते.

पुढे 1907 साली लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाईंनी कबूल केले की, आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मागाहून सापडला. मोठी गोष्ट ही की, मधल्या वर्षांत न पटलेले पटले असे त्यांनी म्हटले नाही. केडगावच्या आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले 'मुक्ती', आणि हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते काम संपवून 1922 साली त्यांनी देह ठेवला.

ख्रिस्ती मंडळीने आपल्या प्राचीन सार्वत्रिक श्रद्धावचनात 'आमच्यासाठी' एवढेच म्हटले आहे. कसे, ते बांधून टाकलेले नाही. म्हणूनच तीन शब्द शेजारी शेजारी नांदू शकले. आमच्या मते श्रोत्याने त्यांतील एक निवडण्याची घाई करू नये. यापुढे क्रूस दिसला, तर एवढेच आठवावे की, दुसऱ्याच्या अपराधाचा भार कोणी उचलू शकतो काय, आणि उचलला तर अपराध्यावर कोणते ऋण राहते, हा प्रश्न त्या दोन लाकडांवर टांगलेला आहे. तो केवळ ख्रिस्ती माणसाचा प्रश्न नव्हे.