विजेत्याचा रकाना कोरा का?

फ्रान्सच्या फुटबॉल लीगची विजेत्यांची यादी पाहिली, तर १९९२-९३ च्या हंगामापुढे कोणत्याही संघाचे नाव नाही. सामने झाले, गुण मोजले गेले, मार्सेय संघ पहिला आला, तरी रकाना कोराच. हे कसे घडले ते आम्ही सांगतो, कारण मामला खेळाचा असला तरी रीत सगळी बाजाराची आहे.

मार्सेयचे अध्यक्ष बर्नार तापी हे बुडत्या कंपन्या घेऊन श्रीमंत झालेले उद्योगपती. १९९० मध्ये त्यांनी आदिदास कंपनी घेतली, पुढे मंत्रीही झाले. २६ मे १९९३ रोजी त्यांच्या संघाची म्युनिकमध्ये मिलानशी युरोपीय अजिंक्यपदाची लढत होती. सहा दिवस आधी, २० मे रोजी, लीगमध्ये गाठ होती ती वालांसियेन या तळाकडच्या संघाशी. म्हणजे संघ दुबळा नव्हता, खजिनाही रिकामा नव्हता. त्यांना फक्त जोखीम नको होती. गुण मिळावेत आणि अंतिम सामन्यापूर्वी कोणाचा पाय मोडू नये, एवढ्यासाठी समोरच्या तीन खेळाडूंना पैशाचा निरोप गेला. मध्यस्थ मार्सेयचाच खेळाडू, जाँ-जाक एडेली. तिघांत होता १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा विजयी गोल करणारा बुरुचागा. एवढ्या नावाच्या माणसालाही भाव विचारला गेला!

तिघांपैकी जाक ग्लासमान याने साफ नकार दिला आणि मध्यंतरात पंचांच्या कानी गोष्ट घातली. मार्सेयने तो सामना १-० ने जिंकला, आणि म्युनिकचाही १-० नेच. नंतर तपासात क्रिस्तोफ रोबेर या खेळाडूच्या नातलगाच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले. आमच्याकडे पूर्वी लोक दागिने पुरून ठेवत, येथे लाच पुरली होती.

लीगचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि दुसऱ्या क्रमांकावरील पॅरिसच्या क्लबलाही ते दिले गेले नाही. १९९४ मध्ये मार्सेयची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. तापी दोषी ठरले आणि १९९७ मध्ये तुरुंगात गेले.

युरोपीय विजेतेपद मात्र मार्सेयकडेच राहिले. तो सामना विकला गेल्याचे सिद्ध झाले नव्हते, हा नियम आम्ही मानतो. पण मन अडते. लाच दिली होती ती त्याच सामन्यासाठी ताजे पाय राखायला. खोट्या सौद्यातला माल परत घेतला, त्यावरचा नफा दुकानातच राहिला, असाच हा हिशेब दिसतो.

आणि ग्लासमान? फ्रान्सच्या मैदानांवर प्रेक्षक त्याला शिट्ट्या मारून हिणवू लागले. १९९५ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. पुढे तो हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर खेळायला गेला.