इंजिनाआधी श्वासाची तपासणी

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना काढून घेतला तरी चावी त्याच्या खिशातच राहते, आणि कित्येक जण बिनपरवाना गाडी चालवतच राहतात. म्हणून अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००५ मध्ये पहिल्याच गुन्ह्यापासून ‘अल्कोहोल इंटरलॉक’ सक्तीचे केले. हे गाडीत बसवलेले यंत्र; चालकाने त्याच्या नळीत फुंकायचे. श्वासात मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर इंजिन सुरूच होत नाही. न प्यायलेल्या मित्राने फुंकले तर? म्हणूनच प्रवासातही मधूनमधून पुन्हा फुंकावे लागते. काही यंत्रांना कॅमेराही असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण साधारण दोन तृतीयांशाने घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले. मात्र ते काढल्यावर हा फायदा बहुतांशी ओसरतो. माझ्या मते यात दोष ठरावीक मुदतीचा आहे. यंत्र कधी काढायचे, हे सलग काही महिन्यांच्या स्वच्छ नोंदी आणि व्यसनोपचार पाहून ठरवावे. यंत्राचे भाडे गरिबाला जड जाते, हेही खरे. तिथे सरकारने हातभार लावावा; गाडीवरच पोट असलेल्याचा रोजगार निदान यंत्रामुळे टिकतो, परवाना गेल्यावर तोही बुडतो.