हिंटरकाईफेकच्या वस्तीवरचे सहा खून
शंभर वर्षांत तर्क शेकडो, पण खुनी हाती लागला नाही

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाला रात्रीचा प्रत्येक आवाज ओळखू येतो. बैलाने मान हलवली की गळ्यातली घंटा वाजते, वारा सुटला की पत्रा हलतो, आणि आपले कुत्रे कोल्ह्यावर भुंकते की माणसावर, हेही घरच्यांना अंथरुणात पडल्या पडल्या समजते. म्हणूनच जर्मनीतल्या एका शेतकरी कुटुंबाची ही हकीकत आपल्यासारख्यांना लगेच भिडते. घटना १९२२ सालची. त्या घरातली सहा माणसे एका रात्रीत मारली गेली. कोणी मारली, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. मात्र खुनी मीच ओळखला, असे म्हणणारे दर पिढीत निघत आले आहेत.

जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. म्युनिक हे तिथले मोठे शहर. त्याच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर ग्रोबर्न हे लहानसे खेडे आहे. या खेड्यापासून जरा बाजूला, रानाच्या कडेला ही वस्ती होती. काईफेक नावाच्या जागेच्या पाठीमागे, म्हणून लोक तिला हिंटरकाईफेक म्हणत. ‘हिंटर’ म्हणजे मागे. आपण ‘मागचा मळा’ म्हणतो, तसेच हे नाव.

घरातला कर्ता पुरुष आंद्रेआस ग्रुबर ६३ वर्षांचा होता. बायको सेसिलिया ७२ वर्षांची. ३५ वर्षांची मुलगी व्हिक्टोरिया विधवा होती, ती माहेरीच राहत असे. तिला सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण गावात फारसे मिसळणारे नव्हते. या घरातल्या नात्यांबद्दल १९१५ साली कोर्टात खटला होऊन बाप आणि मुलगी दोघांनाही शिक्षा झाली होती. त्यामुळे घराबद्दल लोकांत कुजबुज कायम असे.

बर्फातली पावले

मार्च संपत आला होता, पण जमिनीवर अजून बर्फ होते. एके सकाळी ग्रुबरला रानाकडून घराकडे आलेली माणसाच्या पावलांची खूण दिसली. परत गेल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. माळ्यावर कोणी चालत असल्यासारखा आवाज त्याला ऐकू आला होता. घराची एक किल्ली सापडेना. घरात कोणी न आणलेले एक वर्तमानपत्रही मिळाले. ग्रुबरने घर आणि गोठा धुंडाळला, शेजाऱ्यांना हे सारे सांगितलेही. शेजाऱ्यांनी मदत देऊ केली, ती त्याने घेतली नाही. पोलिसांनाही त्याने कळवले नाही. आपले घर आपण सांभाळू, असा त्याचा स्वभाव होता.

३१ मार्च १९२२, शुक्रवार. त्या दिवशी घरकामाला नवी बाई आली. मारिया बाउमगार्टनर तिचे नाव, वय ४४. तिची बहीण तिला पोचवायला आली होती. थोडा वेळ बसून बहीण परत गेली. या घरातल्या माणसांना जिवंत पाहणारी ती बहुधा शेवटचीच.

त्या रात्री ग्रुबर, त्याची बायको, मुलगी आणि नात या चौघांचा गवताच्या कोठारात खून झाला. घरात पाळण्यातले मूल आणि त्याच दिवशी आलेली मारिया, दोघेही मारले गेले. हत्यार म्हणजे मुळ्या खणायची जड कुदळ, आणि तीही घरचीच.

चार दिवस चूल पेटत होती

यापुढचा भाग सर्वांत चमत्कारिक आहे. शनिवारी नात शाळेत गेली नाही. कॉफी विकणारे दोघे दाराशी आले, हाका मारून निघून गेले. पोस्टमनने टाकलेले टपाल तसेच पडून राहिले. पण धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला. जनावरांना वैरण मिळत होती. घरातले अन्न कोणीतरी खाल्ले होते. म्हणजे खून करणारा माणूस, किंवा माणसे, त्याच घरात राहून गुरांचे चारापाणी पाहत होती.

४ एप्रिलला, मंगळवारी, कडबाकुट्टीच्या यंत्राचे इंजिन दुरुस्त करायला एक मिस्त्री आला. कोणी दिसेना, म्हणून बराच वेळ वाट पाहून त्याने स्वतःच काम उरकले. साडेचार तास तो तिथे होता, पण घरचे एकही माणूस त्याच्या नजरेस पडले नाही. जाता जाता त्याने ही गोष्ट खेड्यात सांगितली. मग शेजारचे तीन शेतकरी वस्तीवर गेले. कोठारात गवताखाली त्यांना चार प्रेते दिसली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. म्युनिकचे पोलीस अधिकारी गेओर्ग राइनग्रुबर आणि त्यांची माणसे येईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. तोवर कितीतरी लोक घरात आणि कोठारात फिरून आले होते. प्रेते हलवली गेली होती, वस्तू इकडच्या तिकडे झाल्या होत्या. सरकारने एक लाख मार्कांचे बक्षीस लावले. पुढे शंभरावर लोकांची चौकशी झाली. काही हाती लागेना, तेव्हा मृतांची मस्तके म्युनिकला नेऊन अंतर्ज्ञान सांगणाऱ्यांपुढेही ठेवली गेली. त्यातून काही निघाले नाही. मस्तके दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हरवली, आणि सहाही जणांचे देह वाइडहोफेनच्या दफनभूमीत मस्तकांवाचूनच राहिले.

ज्याचा त्याचा तर्क

तेव्हापासून वकील, पत्रकार, निवृत्त शिक्षक, हौशी शोधक अशा सर्वांनी या कोड्यावर डोके चालवले आहे. त्यांचे तर्क आपणही ताडून पाहू.

पहिला तर्क दरोड्याचा. घर पैसेवाले होते, तेव्हा दरोडेखोर आले असतील, असे आधी पोलिसांनाही वाटले. पण मोठी रोख रक्कम घरातच सापडली. दरोडेखोर पैसे सोडून गुरांना वैरण घालत बसेल काय?

दुसरा तर्क शेजाऱ्यावर. पहिल्यांदा कोठारात शिरलेल्या तिघांपैकी हा एक. पत्नी वारल्यावर व्हिक्टोरियाशी लग्न करण्याचा त्याचा विचार होता, पण तिच्या बापाने ते होऊ दिले नाही. तिच्या धाकट्या मुलाचा बाप कोण, यावरूनही वाद होता. प्रेते दिसल्यावर बाकीचे दोघे हादरून गेले, पण हा एकटाच आत घुसला आणि त्याने आतून दार उघडले. मुलाला शोधायला गेलो, असे त्याने सांगितले. हौशी शोधकांना ते पटत नाही. पण ज्या मुलाला तो आपले मानत होता, त्याच्यासाठी माणूस धावेल की दारात थबकेल? एकाच कृतीवरून एक म्हणतो पाषाणहृदयी, दुसरा म्हणतो बापाचे काळीज.

तिसरा तर्क मेलेल्या नवऱ्याचा. व्हिक्टोरियाचा नवरा कार्ल गाब्रिएल १९१४ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडला. त्याचा देह मिळाला नाही. म्हणून, तो जिवंत होता, परत आला आणि घरची स्थिती पाहून त्याने सूड घेतला, असे काहीजण मानतात. कथा म्हणून हे रंगतदार आहे. पण त्याचे प्रेत आपण पाहिले, असे त्याच्याबरोबरच्या सैनिकांनी सांगितले होते.

चौथा तर्क साता समुद्रापलीकडचा. अमेरिकेतले बिल जेम्स हे बेसबॉल या खेळाच्या आकडेमोडीसाठी प्रसिद्ध. त्यांनी आपल्या मुलीबरोबर २०१७ साली एक पुस्तक लिहिले. अमेरिकेत १८९८ ते १९१२ या काळात रेल्वेमार्गाजवळच्या घरांत कुऱ्हाडीने झालेले अनेक खून एकाच भटक्या मजुराचे असावेत, असे त्यांचे म्हणणे. तोच पुढे जर्मनीत पळाला असेल आणि हिंटरकाईफेकही त्याचेच काम असेल, अशी शक्यता ते सुचवतात. हत्याराची जात आणि खुनाची तऱ्हा मिळतीजुळती आहे खरी. पण तो माणूस त्या दिवसांत बव्हेरियात होता, याचा पुरावा काय?

शेतकऱ्याच्या नजरेतून

आता आपल्या अनुभवाचा एक मुद्दा. बहुतेक हौशी शोधक म्हणतात की, खुनी शेतकरीच होता, कारण त्याला गुरांचे करता येत होते. शहरातल्या वाचकाला हे पटकन पटते. पण जरा विचार करा. १९२२ सालच्या त्या मुलखात गुरांना वैरण घालता येत नाही असा माणूस किती सापडला असता? शेजारी, गडी, भटका मजूर, युद्धावरून आलेला शिपाई, बहुतेक सगळे गोठ्यातच वाढलेले. जी खूण सगळ्यांकडे बोट दाखवते, ती कोणाकडेच दाखवत नाही.

उलट वैरण घालण्याचे साधे कारण असे असू शकते. उपाशी गुरे हंबरतात आणि त्यांचा आवाज शेजारच्या खेड्यापर्यंत जातो. लपलेल्या माणसाला ते नको असते. म्हणजे गुरांची सेवा हे प्रेमाचे लक्षण असेल, सवयीचे असेल, नाहीतर धूर्तपणाचेही असेल. नुसत्या वैरणीवरून मनातले ओळखता येत नाही.

सगळ्याच तर्कांची गत अशी आहे. प्रत्येकजण दोन-तीन गोष्टी उचलतो, त्यांची माळ ओवतो, आणि न जुळणारे मणी खाली टाकून देतो.

खरे उत्तर कुठे हरवले?

२००७ साली फ्युर्स्टनफेल्डब्रुक येथील पोलीस अकादमीच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण आजच्या तपासपद्धतीने तपासले. इतक्या वर्षांनी ते निर्विवादपणे सोडवणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुरावे हरवलेले, साक्षीदार काळाआड गेलेले. एका संशयितावर त्यांचे एकमत झाले, असे सांगतात. पण त्याचे नाव त्यांनी जाहीर केले नाही, कारण त्याचे वंशज हयात आहेत.

पहिल्या तपासातली मोठी उणीव म्हणजे बोटांचे ठसे घेतले गेले नाहीत. ही विद्या तेव्हा नवी नव्हती. ठशांवरून माणूस ओळखणारी जगातली पहिली कचेरी १८९७ सालीच आपल्या देशात, कलकत्त्याला सुरू झाली होती. तिच्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे मोठे कष्ट होते. पण अनेक हात फिरलेल्या घरात ठसे घेऊनही कितपत उपयोग झाला असता, हा प्रश्नच आहे. कुदळसुद्धा त्या वेळी सापडली नाही. १९२३ साली वस्ती पाडताना ती माळ्यावर मिळाली.

आणि त्या शेजाऱ्याचे काय झाले? त्याच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला नाही. त्याला खुनी म्हणणाऱ्यांवर त्याने अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि जिंकले. तरीही १९४१ साली मरेपर्यंत लोकांच्या नजरेतला संशय हटला नाही. तो दोषी असेल तर कायद्याच्या हातून सुटला. निर्दोष असेल तर जवळजवळ वीस वर्षे गावाने त्याला रोज थोडे थोडे मारले. यातले खरे काय, हे ना त्या गावाला कळले, ना आपल्याला.

आपल्यासाठी दोन गोष्टी

दूरच्या मुलखातली ही जुनी हकीकत नुसती करमणूक म्हणून वाचून सोडून देऊ नये.

एक, वस्तीवर काही वावगे दिसले, म्हणजे किल्ली हरवली, कुलूप तुटले, अनोळखी पावले उमटली, तर एकट्याने शूर होऊ नका. शेजाऱ्याला, पोलीस पाटलाला सांगा, ११२ क्रमांकावर फोन करा. संशय खोटा निघाला तर चारचौघे हसतील, एवढेच. ग्रुबरने शेजाऱ्यांना सांगितले, पण त्यांना सोबतीला येऊ दिले नाही.

दोन, कुठे घातपात झालाच तर कोणी जिवंत आहे का ते पाहावे आणि मदत बोलवावी. त्यापलीकडे काही उचलू नये, हलवू नये, धुऊ नये. बघ्यांना बाहेर थांबवावे. आणि पारावर बसून एखाद्याचे नाव घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे मी पाहिले, की नुसते ऐकले? पाहिलेले पोलिसांना सांगावे, ऐकलेले पोटात ठेवावे.

हिंटरकाईफेकची वस्ती आज नाही. त्या जागेजवळ एक लहानसे स्मारक उभे आहे. खुनी कोण यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. पण पोटासाठी त्याच दिवशी कामाला आलेल्या मारियाचे आणि त्या दोन लेकरांचे नाव क्वचितच कोणी काढते. तर्क लढवताना या सहा माणसांचा विसर पडू नये, एवढेच.